फलकावरचा रुग्ण आणि टेबलावरचा रुग्ण

शस्त्रक्रियागृहात वेळेचा हिशेब ठेवावा लागतो, त्यामागे खर्च हे एक कारण आहे. माझ्या मते त्याहून मोठं कारण म्हणजे पुढचा रुग्ण. तो आदल्या रात्रीपासून उपाशी असतो. लवकर बोलावलं तर एसीच्या गारठ्यात ट्रॉलीवर पडून राहतो, उशिरा बोलावलं तर घसा कोरडा पडेपर्यंत वॉर्डात वाट बघतो. आत चाललेली केस कुठवर आली आहे हे बाहेर नेमकं कळावं, एवढ्यासाठीच हल्ली शस्त्रक्रियागृहात, म्हणजे ओटीत, सेन्सर बसवले जातात.

पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात ही व्यवस्था मी जवळून पाहिली. रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीत एक टॅग असतो आणि ओटीच्या दारावर व छतावर अँटेना. टॅगमध्ये बॅटरी नसते. अँटेनाकडून येणाऱ्या रेडिओलहरींवरच तो क्षणभर जागा होतो आणि आपला क्रमांक सांगतो. त्या क्रमांकावरून मार्गिकेतल्या फलकावरच्या पट्टीचा रंग बदलतो : रुग्ण आत, शस्त्रक्रिया सुरू, रुग्ण बाहेर. वॉर्डातल्या सिस्टरला फोन न करताही कळतं की पुढच्याला पाठवायचं आहे.

दारातली नोंद फार चांगली होते. एका सकाळी इन्चार्ज सिस्टरांच्या परवानगीने मी घड्याळ हातात घेऊन दाराशी उभी होते. ट्रॉली उंबऱ्यावरून गेली आणि पट्टीचा रंग बदलला, यात काही सेकंदांचंच अंतर पडत होतं. कागदावरच्या रजिस्टरशी मात्र या वेळा जुळत नव्हत्या. रजिस्टर उघडून पाहिलं तर आत घेतलं 9.15, छेद 9.40, टाके 11.05. पानामागून पान, जवळजवळ प्रत्येक वेळ शून्यावर किंवा पाचावर संपणारी. यात सिस्टरांचा दोष नाही. छेद घेतला जातो तेव्हा त्या मॉप (रक्त टिपायचे कापडी तुकडे) मोजत असतात, सक्शन जोडत असतात, आणि हात मोकळा झाला की अंदाजाने वेळ लिहितात. शिवाय भिंतीवरचं घड्याळ, भुलीच्या मशीनवरचं घड्याळ आणि संगणकावरचं घड्याळ एकमेकांशी जुळतीलच असं नाही. सेन्सर बरोबर आहे का, हे ताडून पाहायचं कशाशी? रजिस्टरशी ताडलं तर पाच मिनिटांचा फरक यंत्राच्या नावावर जमा होतो. म्हणून अशी व्यवस्था तपासायची तर सगळी घड्याळं आधी एका वेळेला लावावीत आणि दुसरं काहीही काम नसलेला माणूस नोंदीला उभा करावा, असं माझं ठाम मत झालं आहे.

खरी पंचाईत टेबलावर होते. दुर्बिणीतून करायच्या बऱ्याच शस्त्रक्रियांत रुग्णाचा हात अंगालगत ठेवून चादरीत घट्ट गुंडाळतात. म्हणजे टॅग एका बाजूने शरीराला चिकटतो आणि दुसऱ्या बाजूने टेबलाच्या स्टीलला. भारतात हे टॅग बहुधा 865 ते 868 मेगाहर्ट्झवर चालतात. या लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं आणि धातू परतवतो. टॅग शाबूत असतो, रुग्णही जागेवर असतो, फक्त अँटेनाला काही ऐकू येत नाही.

मी पाहिलं त्या दिवशी नेमकं हेच झालं. ठरावीक वेळ टॅग दिसला नाही, म्हणून यंत्राने रुग्ण बाहेर गेल्याची नोंद केली. आत पित्ताशयाची केस अर्ध्यावर होती, बाहेर फलक खोली रिकामी दाखवत होता. वॉर्डातून पुढच्या रुग्णाला आणलं गेलं. सत्तरीच्या आजी, पातळ गाऊनमध्ये, चष्मा आणि कवळी काढलेली. समोर कोण उभं आहे हेही त्यांना नीट दिसत नव्हतं. ‘‘बाळा, माझा नंबर लागला का?’’ असं त्या वॉर्डबॉयला पुनःपुन्हा विचारत होत्या. इन्चार्ज सिस्टरांनी दोन ब्लँकेटं मागवली आणि केस संपेपर्यंत अधूनमधून येऊन त्यांच्याजवळ थांबल्या.

यंत्राने खोटं काही ऐकलं नव्हतं. त्याने ऐकू न येण्यालाच घटना मानलं. विश्वासार्हतेचा प्रश्न मला इथे दिसतो. शंभरातल्या किती नोंदी बरोबर, हे विक्रेते हौसेने सांगतात. नोंद झालीच नाही तेव्हा यंत्र काय गृहीत धरतं, हे त्यांना खोदून विचारावं लागतं. ‘दिसत नाही’ आणि ‘बाहेर गेला’ या दोन वेगळ्या पट्ट्या हव्यात, ही सिस्टरांची मागणी होती आणि ती रास्तच होती.

टॅगखेरीज दुसरा साक्षीदार शोधणंही अवघड नाही. बाल्टिमोरमधल्या मेरीलँड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी 2005 मध्येच मॉनिटरवरच्या नाडी-ठोक्यांच्या माहितीवरून ओटीत रुग्ण आहे की नाही हे ओळखण्याची रीत मांडली होती. ईसीजी आणि बोटाला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा रुग्णाला जोडलेलेच असतात. टॅग गप्प आणि नाडी चालू, तर रुग्ण आत आहे.

अँटेना वाढवून प्रश्न सुटेल असं वाटतं, पण तिथे जपून पाऊल टाकायला हवं. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांचा अभ्यास 2008 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यांनी अतिदक्षता विभागातली 41 उपकरणं अशा रेडिओटॅग-यंत्रणांजवळ ठेवून 123 चाचण्या केल्या. 34 वेळा उपकरणांत व्यत्यय आला आणि त्यातले 22 प्रसंग धोकादायक ठरले. व्हेंटिलेटर बंद पडला, सिरिंज पंप थांबले. चाचणीत रुग्ण जोडलेले नव्हते, म्हणून निभावलं.

असंच तंत्र पोटात मॉप राहू नये म्हणूनही वापरतात, आणि तिथे त्याची मला मनापासून गरज वाटते. सर्जन अतुल गवांदे यांनी सहकाऱ्यांसह 2003 मध्ये अशा 54 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, ज्यांच्या शरीरात मॉप किंवा हत्यार राहून गेलं होतं. शेवटची मोजणी झालेल्या प्रकरणांपैकी 88 टक्क्यांत ती बरोबर समजली गेली होती. तातडीच्या शस्त्रक्रियेत हा धोका सुमारे नऊपट आढळला. दमलेल्या माणसांची मोजणी चुकते, म्हणून टॅग शिवलेले मॉप आणि रुग्णाच्या अंगावरून फिरवायची कांडी आली. पण टॅग नसलेला एक मॉप घाईत दुसऱ्या पाकिटातून आला, तर कांडीच्या लेखी तो नसतोच.

त्या ओटीत इन्चार्ज सिस्टर पहिल्या केसआधी टॅगचा एक मॉप सलाइनच्या दोन पिशव्यांखाली ठेवतात आणि वरून कांडी फिरवतात. ती वाजली नाही तर त्या दिवसापुरती बाजूला जाते. वाजली तरी टाके घालण्याआधी स्क्रब नर्स आणि फ्लोअर नर्स एकेक मॉप मोठ्याने मोजतात, आकडा फळ्यावर लिहितात, आणि तो जुळला नाही तर एक्स-रे काढेपर्यंत सर्जनला पोट बंद करू देत नाहीत.