सूचना मागवल्या, पुढे काय?

तैवानमध्ये प्राप्तिकराचं विवरणपत्र मे महिन्यात भरतात. २०१७च्या मे महिन्यात तिथल्या एका डिझायनरचं डोकं फिरलं. अर्थ मंत्रालयाचं करभरणीचं सॉफ्टवेअर त्याच्या मॅकवर धड चालेना. त्याने सरकारच्या ‘जॉइन’ या संकेतस्थळावर खरमरीत तक्रार ठोकली आणि इतर वैतागलेल्यांनीही हात धुऊन घेतले. ‘आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ असा छापील निरोप न धाडता सरकारने तक्रारदारांनाच बैठकीला बोलावलं. कर भरणारा माणूस कोणत्या पायरीवर अडतो, कोणता शब्द त्याला कळत नाही, याचा एकेक टप्पा अधिकारी आणि तक्रारदार यांनी एकत्र बसून तपासला. पुढच्या वर्षी मॅकवाल्यांना नवी व्यवस्था मिळाली.

सरकारला ही उपरती सुखासुखी झालेली नव्हती. चीनबरोबरचा सेवा-व्यापार करार चर्चेशिवाय रेटला जातोय, म्हणून १८ मार्च २०१४ला विद्यार्थी थेट संसदेत घुसले आणि १० एप्रिलपर्यंत तिथेच ठाण मांडून बसले. हे ‘सूर्यफूल आंदोलन’. आतलं दृश्य बाहेर थेट दाखवण्याची सोय केली ती २०१२पासून सरकारी संकेतस्थळांच्या सुधारित आवृत्त्या स्वतःच बनवणाऱ्या ‘गव्ह-झीरो’ या प्रोग्रामरांच्या गटाने. २०१४च्याच अखेरीस एक मंत्री या गटाच्या मेळाव्यात गेल्या आणि कायद्यांवर लोकांशी चर्चा करण्याची व्यवस्था उभी करा, असं त्यांनाच सांगून आल्या. त्यातून ‘व्ही-तैवान’ जन्मलं. याच वर्तुळातल्या, चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या ऑड्री टँग २०१६मध्ये पस्तिसाव्या वर्षी मंत्री झाल्या. आपल्या बैठकांचं शब्दशः टिपण जाहीर करण्याचा शिरस्ता त्यांनी पाळला.

व्ही-तैवानची खरी परीक्षा २०१५मध्ये उबरने घेतली. टॅक्सीचालक रस्त्यावर उतरलेले, प्रवासी मात्र उबरवर खूश. अशा विषयावर लोकांना बोलायला सोडलं तर काय होतं, हे कोणत्याही सोसायटीच्या वार्षिक सभेला गेलेल्याला सांगायला नको! तिथे वापरलेल्या ‘पोलिस’ (Pol.is) या प्रणालीत मात्र भांडणाची सोयच नव्हती. पडद्यावर दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं एक वाक्य येतं. सहमत, असहमत किंवा सोडून द्या, एवढेच पर्याय. स्वतःचं वाक्य घालता येतं, पण कुणाला उत्तर देता येत नाही. सारखी मतं देणारे नकाशावर ठिपक्यांच्या पुंजक्यांनी जवळ येतात आणि दोन्ही पुंजक्यांना पटणारं वाक्य वर चढतं. त्यामुळे टोकाची वाक्यं मागे पडली. प्रवाशांचा विमा हवा, वाहनाची नोंदणी हवी, यावर दोन्हीकडचे लोक एक झाले. २०१६च्या नव्या नियमांत टॅक्सी पिवळीच असली पाहिजे, ही अटही ॲपवरून चालणाऱ्या टॅक्सींसाठी गेली.

‘जॉइन’चा नियम आणखी सरळ आहे. एखाद्या मागणीला ५,००० जणांचा पाठिंबा मिळाला, की संबंधित खात्याने ६० दिवसांत सविस्तर उत्तर द्यायचं. मान्यच करायला हवं असं नाही, पण उत्तर चुकवता येत नाही. २०१७मध्ये घड्याळ एक तास पुढे नेऊन चीनपासून वेगळं होण्याची मागणी आली. तिच्या विरोधातही तेवढ्याच तावातावाने सह्या जमल्या. सरकारने दोन्ही मागण्यांना एकत्र उत्तर दिलं आणि अशा बदलाचा खर्च किती, फायदा किती, याचा हिशेबच मांडला. घड्याळ जागेवर राहिलं.

सगळंच असं गोड नाही. मद्याच्या ऑनलाइन विक्रीवर व्ही-तैवानमध्ये खल झाला, शिफारशीही निघाल्या. पण त्या प्रत्यक्षात उतरल्या नाहीत. व्ही-तैवानचा निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नाही, इथेच घोडं पेंड खातं.

शिवाय सूचना ऐकणं वेगळं आणि लोकांची माहिती साठवणाऱ्या यंत्रणेला लगाम घालणं वेगळं. नव्या डिजिटल ओळखपत्राची तयारी तैवानने जोरात केली होती. त्यासाठी स्वतंत्र कायदाच नाही, मग माहिती राखणार कोण, असा प्रश्न अभ्यासकांनी आणि संघटनांनी लावून धरला. जानेवारी २०२१मध्ये सरकारने ती योजना थांबवली. ऑगस्ट २०२२मध्ये घटनात्मक न्यायालयाने आरोग्य विम्याच्या माहितीसाठ्याबद्दलही ठणकावलं: आपली माहिती संशोधनासाठी वापरू नका, असं सांगण्याचा मार्ग नागरिकाला हवा. लोकसहभागाचा गाजावाजा झालेल्या देशातही हा बांध न्यायालयालाच घालावा लागला, हे विसरू नये.

आपल्याकडे लोक बोलत नाहीत, अशी तक्रार करायला जागा नाही. २०१५मध्ये इंटरनेटच्या समान वापराच्या प्रश्नावर ‘ट्राय’ या दूरसंचार नियामक संस्थेकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. ट्रायने ते प्रसिद्ध केले, तेही पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट! फेब्रुवारी २०१६मध्ये भेदभावाच्या दरांवर बंदी मात्र आली. याच्या अगदी उलट टोक जानेवारी २०२५मध्ये दिसलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमांचा मसुदा ‘मायगव्ह’ या सरकारी संकेतस्थळावर सूचनांसाठी ठेवला गेला आणि आलेल्या सूचना कुणालाही दाखवल्या जाणार नाहीत, असंही जाहीर झालं. गोपनीयतेमुळे लोक मोकळेपणाने लिहितील, हे मान्य. पण मग कोणत्या कंपनीने काय मागितलं आणि कुणाचं ऐकलं गेलं, हे कळणार कसं?

कायदा करण्याआधी लोकांचं मत घेण्याच्या केंद्राच्या २०१४च्या धोरणात मसुदा किमान ३० दिवस खुला ठेवावा आणि आलेल्या सूचनांचा सारांश मंत्रालयाच्या संकेतस्थळावर द्यावा, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पुढच्या मसुद्यावर सूचना पाठवाल, तेव्हा शेवटी एक ओळ आवर्जून लिहा: सारांश कधी प्रसिद्ध करणार, ते कळवावे.