पाळण्यातले पाय, पाळण्यातले कान

बारशाचे बोलावणे आले की घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो आहेराचा. पूर्वी त्याचे उत्तर ठरलेले असे. कुंची, अंगडे-टोपडे, ऐपत असेल तर चांदीचा खुळखुळा, आणि मामाकडून पाळणा. आता बाजारात गेले की खेळण्यांच्या पेट्यांवर वयाचे आकडे छापलेले दिसतात आणि अमुक खेळण्याने बुद्धी वाढते, तमक्याने मूल लवकर बोलते अशी आश्वासनेही दिसतात. आपण पैसे मोजतो आणि पेटी घेऊन बारशाला जातो. तेथे त्या पेटीबरोबर आणखी एक आहेर बाळाच्या आईच्या पदरात पडतो. ‘आमचा बंडू या वयात बसत होता’, ‘हिचे अजून कसे पालथे पडणे नाही?’ हा दुसरा आहेर फुकटचा असतो, पण भारी फार पडतो.

प्रस्तुत लेखक वैद्य नाही. गायन शिकवणे हा त्याचा व्यवसाय, आणि दरबारी गवयाच्या घरात जन्म झाल्यामुळे कान हेच त्याचे वडिलोपार्जित वतन. तरीही या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले, कारण मुलांची वाढ पाहताना आपण पायांकडे फार पाहतो आणि कानांकडे फार थोडे.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपली म्हण आहे. ती खोटी नाही. पण पाय दिसतात म्हणजे ते कोणत्या तारखेला चालू लागतील तेही दिसते, असा अर्थ आपण उगाच काढतो. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी मुले महिनोन्‌महिने पाहून 2006 साली काही मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत आधाराशिवाय बसण्याचा काळ 3.8 ते 9.2 महिने असा निघाला. रांगण्याचा काळ 5.2 ते 13.5 महिने, आणि स्वतःच्या पायांनी चालण्याचा 8.2 ते 17.6 महिने. म्हणजे एक निरोगी मूल नवव्या महिन्यात पाऊल टाकते आणि दुसरे तितकेच निरोगी मूल सतराव्यात. शंभरात चार मुले तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. ती सरळ उभी राहून चालू लागली. शेजारच्या बंडूचा दाखला या आकड्यांपुढे कितीसा टिकणार?

या बाबतीत बडोदेकरांना अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे आणि ती आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. बाळाच्या वाढीचे जे तक्ते पूर्वी आपले डॉक्टर वापरीत, ते परदेशी मुलांवरून केलेले असत. 1960च्या दशकात आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत डॉ. प्रमिला फाटक यांनी इथल्याच मुलांचा एका महिन्यापासून तीस महिन्यांपर्यंतचा अभ्यास हाती घेतला. अमेरिकेतील नॅन्सी बेली यांच्या कसोट्या घेऊन त्यांनी त्या भारतीय बाळांवर पडताळून पाहिल्या. त्यांतून पुढे जी मोजपट्टी सिद्ध झाली तिच्यात शरीराच्या हालचालींच्या 67 आणि बुद्धीच्या 163 कसोट्या आहेत, आणि देशभरचे तज्ज्ञ ती वापरतात. केरळात तिरुवनंतपुरमला झालेला 17 कसोट्यांचा सुटसुटीत तक्ताही बडोद्याच्याच मोजमापांतून निवडून घेतलेला आहे. आपल्या गल्लीबोळांतली बाळे कधी हसली, कधी बसली, कधी त्यांनी डबी उघडली याच्या नोंदी साऱ्या देशाच्या कामी आल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता कानांकडे वळू. 1886 साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी आपल्या शहरात गायनशाळा काढली, तेव्हापासून मूल कितव्या वर्षी गायनाला घालावे हा प्रश्न इथले पालक विचारत आले आहेत. खरे उत्तर असे की, मूल घालण्यापूर्वीच वर्ग सुरू झालेला असतो. गर्भाच्या सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळाला ऐकू येऊ लागते. 1980 साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या संशोधकांनी दाखवले की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळे परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकणे पसंत करतात. 2009 साली हंगेरीत झोपलेल्या दोन-तीन दिवसांच्या बाळांना ठेका ऐकवण्यात आला आणि मधूनच आवर्तनातला पहिला, महत्त्वाचा ठोका गाळण्यात आला. बाळांच्या मेंदूने ती उणीव टिपली. आपल्या भाषेत सांगायचे तर सम चुकलेली बाळाला कळली. वर्षानुवर्षे हातावर टाळी देऊन समेवर येणे शिकवणाऱ्या माझ्यासारख्याने हे वाचून कानाची पाळी धरली, यात नवल ते काय!

याहूनही विचार करायला लावणारी गोष्ट पुढे आहे. 1984 साली कॅनडातील वर्कर आणि टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना तो भेद स्वच्छ कळला; वर्षाच्या सुमारास तो कळेनासा झाला. घरात जो आवाज कानावर पडत नाही त्याचे दार मेंदू हळूहळू लोटून घेतो. लयीचेही असेच. उत्तर अमेरिकेतल्या सहा महिन्यांच्या बाळांना बाल्कन देशांच्या विषम मात्रांच्या चालींतली चूक ओळखता आली, बारा महिन्यांच्या बाळांना आली नाही, असे 2005 साली हॅनन आणि ट्रेहब यांनी दाखवले. मात्र थोडे दिवस ते संगीत घरी ऐकवताच वर्षाच्या बाळांना ते पुन्हा साधले.

ज्यांच्या चार-चार पिढ्या गुजरातीच्या, हिंदीच्या किंवा कानडीच्या शेजारात गेल्या, त्या आपल्यासारख्या कुटुंबांनी यातून काय घ्यावे? नातवाच्या तोंडी मराठी टिकावे असे ज्या आजोबांना वाटते त्यांनी त्याची शाळा सुरू होण्याची वाट पाहू नये. पहिल्या वर्षातच त्याला मांडीवर घेऊन मराठीत भरपूर बोलावे. ‘ळ’ आणि ‘ण’ त्याच्या कानांवर रोज पडू द्यावेत, आणि रूपकाच्या सात मात्रा मांडीवर थोपटून द्याव्यात. शेजारच्या बेनने गुजरातीत बोलावे, त्यातही हानी नाही. बाळाचा मेंदू दोन्ही भाषा सामावून घेतो. अट एवढीच की दोन्हींपैकी कोणतीही त्याच्याशी बोलली जावी, नुसती त्याच्या डोक्यावरून जाऊ नये.

येथे एक अनुभव सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी चार वर्षांची एक मुलगी माझ्या वर्गात आणण्यात आली. बोलणे मोजके आणि अस्पष्ट. घरच्यांचे म्हणणे, ‘गाणे शिकवा म्हणजे जीभ सुटेल, हिचा काकाही उशिराच बोलला होता.’ तिला तबल्याजवळ बसवले की ती आनंदाने डोलायची, आणि त्यामुळे तिला उत्तम ऐकू येते अशी सर्वांची खात्री होती. पण ती सतरंजीवरून उठून दूर खिडकीशी गेली की डोलणे थांबे. मी सा लावला की ती माझ्या ओठांकडे बघे; पाठ वळवून लावला की तिला पत्ताही नसे. ती जमिनीतून येणाऱ्या थरथरीवर डोलत होती. तपासणी झाली तेव्हा दोन्ही कानांनी ऐकू फार कमी येते असे निघाले. यंत्र मिळाले, शिकवणीही सुरू झाली. पण ज्या काळात कान भाषा गोळा करतात त्यातली चार वर्षे निघून गेली होती. तिच्या आईने तिच्यासाठी बोलकी खेळणी कपाटभर आणली होती. त्यांतले एकही त्या मुलीने कधी नीट ऐकले नव्हते.

दर हजार नवजात बाळांत एक-दोन तरी अशी असतात. झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक नळी ठेवून काही मिनिटांत होणारी तपासणी आज उपलब्ध आहे. तिने बाळाला काही दुखत नाही. तज्ज्ञांचा हिशेब सोपा आहे: एका महिन्याच्या आत तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही 2013 सालापासून ऐकण्याच्या दोषांचा समावेश आहे. बारशाच्या आहेराआधी ही चौकशी झाली तर त्याहून मोठा आहेर नाही.

घरचा खुळखुळा या कामी थोडा उपयोगी पडतो. तीन-चार महिन्यांचे बाळ आवाजाच्या दिशेने मान वळवू लागते. त्याच्या नजरेआड, अंगाला वारा किंवा सावली न लागेल अशा बेताने, कानापासून हातभर अंतरावर खुळखुळा हळू वाजवून पाहावा. त्याने वळून पाहिले तर समाधान मानावे. पण तेवढ्यावर तपासणी टाळू नये, कारण खुळखुळ्याचा आवाज ऐकणाऱ्या बाळालाही बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात. आणि बाळाने वळून पाहिले नाही तर ‘होईल हळूहळू’ म्हणत बसू नये. वर्ष भरले तरी ‘बाबा-दादा’सारखी बडबड नाही, दीड वर्षात एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडता येत नाहीत, किंवा एकदा येत असलेली गोष्ट मूल विसरले, तर काकाचा दाखला न देता डॉक्टरांकडे जावे. चालण्यात धीर धरण्याला भरपूर वाव आहे. ऐकण्याच्या बाबतीत तो जवळजवळ नाही.

आता खेळण्यांविषयी. नवजात बाळाला वीत-सव्वा वीत अंतरावरचेच स्पष्ट दिसते. म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा जेथे असतो तेथवर. त्यामुळे पहिले खेळणे आईचा चेहराच, आणि दीड-दोन महिन्यांत बाळ त्याला हसून दाद देते. मग पाळण्यावरचे चिमणाळे कामाला येते. नजर त्याच्यामागे फिरते. चार महिन्यांनी हात पुढे येतो, आणि खुळखुळा आता ऐकण्यापुरता न राहता धरण्याचा होतो. सहाव्या-सातव्या महिन्यात तो या हातातून त्या हातात जातो. आठव्या-नवव्या महिन्यात वस्तू नजरेआड झाली तरी ती असते, हे बाळाला उमगू लागते. पदराआड तोंड लपवून ‘कुक्’ करण्याच्या खेळात त्याला जो अपार आनंद होतो त्याचे मूळ येथे आहे. याच सुमारास अंगठा आणि तर्जनी यांची चिमूट जमते. वर्षानंतर वाट्या एकात एक घालणे, डब्यांची उतरंड रचणे आणि ती पाडणे सुरू होते. यांतल्या किती वस्तूंसाठी बाजारात जावे लागते? स्वयंपाकघराचे खालचे फडताळ उघडे ठेवले की पुरते.

विकत घ्यायचेच तर आपल्याकडे उत्तम कारागिरी आहे. संखेड्याचे लाखेच्या रंगाचे पाळणे आपण पाहतोच. सावंतवाडीची लाकडी फळे आणि चन्नपट्टणची गुळगुळीत खेळणी आजही मिळतात. रंग कोणता आहे हे मात्र विचारावे, कारण या वयात प्रत्येक वस्तू तोंडात जाते. 1 जानेवारी 2021 पासून कारखान्यात झालेल्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे. ते पाहून घ्यावे. तीन वर्षांच्या आतल्या मुलाजवळ सुटा मणी, गोटी, बटणाएवढी बॅटरी ठेवू नये. तशी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांच्या आतही अन्ननलिका भाजू शकते. आणि वाजणारे खेळणे घेताना ते आधी स्वतःच्या कानाशी धरून पाहावे. आपल्याला जे कर्कश लागते ते त्या कोवळ्या कानांना गोड कसे लागेल?

पांगुळगाड्याचेही सांगितले पाहिजे. आपला जुना तीन चाकांचा पांगुळगाडा, ज्याला इथे चालणगाडी म्हणतात, तो मूल उभे राहून ढकलते; तोल त्याचा, पाय त्याचे, पडणेही त्याचे. हल्ली ज्याला वॉकर म्हणतात त्यात मूल झोळीत बसते आणि चाके त्याला नेतात. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट जिन्यावरून कोसळण्याचे अपघात होतात. म्हणूनच कॅनडाने 2004 साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. नावे जवळची असली तरी एकात मूल चालते आणि दुसऱ्यात ते चालवले जाते.

हाच भेद आजच्या सर्वांत चकचकीत खेळण्याला लावून पाहावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितले की दोन वर्षांच्या आत मुलाला पडद्यासमोर बसवूच नये. मोबाइलमधली बाई गाते सुरेल. पण बाळाने हुंकार दिला तर ती थांबत नाही, त्याला उत्तर देत नाही. बेसूर आजी थांबते. ती बाळाचा ‘आ’ उचलते, लांबवते, परत देते, आणि बाळ पुन्हा तो घेते. गाण्याच्या बैठकीत गवई आणि साथीदार यांच्यात जी देवघेव चालते ती याहून वेगळी नाही, आणि भाषा काय, स्वर काय, शिकला जातो तो अशाच देवघेवीतून.

पुढच्या बारशाला जाताना चांदीचा खुळखुळा जरूर न्यावा. तो सुबक दिसतो. पण सुनेला किंवा भाचीला बाजूला घेऊन एवढे हळूच विचारावे: ‘बाळाचे कान तपासून झाले का गं?’ आणि ते बसते केव्हा, रांगते केव्हा, हे मात्र विचारू नये. ते ज्याचे त्याला ठाऊक असते.