नोटांची पुडकी दिसली; पुढे काय?

लोकसभेच्या सभागृहात कामकाज चालू असताना वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना छायाचित्रे टिपण्यास मनाई आहे. तरीही संसदेच्या अलीकडच्या इतिहासातील बहुधा सर्वाधिक परिचित दृश्य त्याच सभागृहातले आहे. २२ जुलै २००८ रोजी डॉ. मनमोहनसिंग सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर चर्चा चालू असताना भारतीय जनता पक्षाचे अशोक अर्गल, फग्गनसिंग कुलस्ते आणि महावीर भगोरा हे तीन खासदार अध्यक्षांच्या आसनासमोर आले. एक कोटी रुपयांच्या नोटांची पुडकी त्यांनी समोरच्या मेजावर ठेवली आणि उंचावून सभागृहाला दाखविली. लोकसभा वाहिनीवरून ते दृश्य घरोघरी गेले आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी ते पडद्यावरून उचलून पहिल्या पानावर छापले.

छायाचित्राला भाषेची गरज नसते, ते स्वतःच बोलते, अशी एक समजूत आहे. या चित्राच्या कसोटीवर ती घासून पाहण्यासारखी आहे. चित्राने निःसंशयपणे सांगितले ते इतकेच, की नोटा खऱ्या दिसत होत्या, त्या खासदारांच्या हातात होत्या आणि स्थळ लोकसभा हे होते. त्या कोणी दिल्या, कोणाला दिल्या, कशासाठी दिल्या आणि त्या घेण्यामागे हेतू कोणता होता, या चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या चौकटीत नव्हते. मात्र पाहणाऱ्या प्रत्येकाने ही चारही उत्तरे आपापल्या पक्षनिष्ठेनुसार भरून घेतली.

पार्श्वभूमी तशी सर्वज्ञात होती. अणुकराराच्या प्रश्नावर डाव्या पक्षांनी पाठिंबा काढून घेतला होता आणि एकेका मताला मोल आले होते. मतदानाच्या वेळी अनुपस्थित राहण्यासाठी आपल्याला ही रक्कम आगाऊ देण्यात आली, असा या तिघांचा आरोप होता. सरकारने तो साफ फेटाळला आणि सायंकाळी २७५ विरुद्ध २५६ मतांनी ठराव जिंकला. विरोधकांच्या लेखी ते चित्र म्हणजे विकत घेतलेल्या बहुमताचा पुरावा ठरला. सत्ताधाऱ्यांच्या लेखी तोच रचलेला बनाव ठरला. चित्र एक, आणि त्याची दोन परस्परविरोधी वाचने. या प्रकरणाचे छुपे चित्रीकरण एका वृत्तवाहिनीने केले होते. ते त्या दिवशी प्रसारित झाले नाही. ध्वनिचित्रफिती लोकसभाध्यक्ष सोमनाथ चटर्जी यांच्याकडे सोपविण्यात आल्या. म्हणजे परिणाम देशाने पाहिला, त्याआधीचा घटनाक्रम मात्र पाहिला नाही.

संदर्भ आला तो नंतर, आणि तोही हप्त्याहप्त्याने. किशोरचंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने डिसेंबर २००८ मध्ये अहवाल दिला. बड्या नेत्यांविरुद्धचा पुरावा तिला निर्णायक वाटला नाही. तिघा मध्यस्थांच्या भूमिकेची अधिक चौकशी व्हावी, अशी शिफारस तिने केली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर दिल्ली पोलीस हलले. अमरसिंह यांना अटक झाली आणि त्यांच्याबरोबर कुलस्ते व भगोरा या तोवर माजी झालेल्या खासदारांनाही. नोटा दाखवून भ्रष्टाचार उघड करणारे म्हणून ज्यांचे चित्र छापले गेले होते, तेच आता आरोपी होते. पुढे नोव्हेंबर २०१३ मध्ये विशेष न्यायालयाने अमरसिंह, सुधींद्र कुलकर्णी आणि तिन्ही खासदारांना आरोपमुक्त केले. केवळ एका आरोपीविरुद्ध खटला चालविण्याइतका आधार न्यायालयाला दिसला. पाच वर्षांत त्याच चेहऱ्यांना तीन वेगवेगळी विशेषणे लागली. चित्रातील एक रेषाही बदलली नव्हती.

कायद्याचा संदर्भ तर याहून बोलका आहे. १९९३ च्या अविश्वास ठरावावरील लाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिलेल्या निकालानुसार, लाच घेऊन सभागृहात मतदान करणाऱ्या सदस्याला राज्यघटनेच्या अनुच्छेद १०५ चे संरक्षण होते. लाच घेऊन मतदानच न करणाऱ्याला मात्र नव्हते. २००८ मधील आरोप नेमका अनुपस्थित राहण्याच्या सौद्याचा होता. ही विसंगती सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ४ मार्च २०२४ रोजी जुना निकाल रद्द करून संपविली. तेव्हा नोटांचे तेच दृश्य आज घडले, तर त्याचा कायदेशीर अर्थ वेगळ्या चौकटीत लावावा लागेल.

चित्राची चौकट कोण आखतो, हाही संदर्भाचाच भाग होय. संसदेतील दृश्ये सभागृहाच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातून येतात. ९ ऑगस्ट २०२३ रोजी राहुल गांधी अविश्वास ठरावावर ३७ मिनिटे बोलले, परंतु संसद वाहिनीने त्यांना जेमतेम १४ मिनिटे ३७ सेकंद दाखविले, अशी तक्रार काँग्रेसने केली होती. ती कोणाला पटो वा न पटो, पडद्यावर दिसले तेवढेच सभागृहात घडले असे मानता येत नाही, हे तिने अधोरेखित केले.

मग संदर्भावाचून थेट काळजाला भिडणारी छायाचित्रे नसतातच काय? आणीबाणीतील जॉर्ज फर्नांडिस यांचे, बेडी घातलेला हात उंचावलेले छायाचित्र त्याचे उदाहरण म्हणून हमखास दिले जाते. मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेला हा नेता १९७७ मध्ये तुरुंगात असतानाच बिहारमधील मुजफ्फरपूरमधून तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आला, त्यात त्या चित्राचा वाटा होता. परंतु त्या मतदाराजवळ संदर्भ आधीच होता. आणीबाणीची झळ त्याने स्वतः सोसली होती. सरकारच्या लेखी तोच हात बडोदा डायनामाइट कटातील आरोपीचा होता. आज विशीतल्या वाचकापुढे ते चित्र ठेवले, तर साखळदंडातील एक तडफदार माणूस त्याला दिसेल. त्याला बेड्या का पडल्या, हे मात्र सांगावेच लागेल. छायाचित्र संदर्भाविना कळते असे वाटते, तेव्हा बहुधा तो संदर्भ पाहणाऱ्याच्या मनात असतो. पिढी बदलली की तो जातो आणि नुसते चित्र उरते.

लोकशाहीत याचे मोल मोठे आहे. चित्र एका क्षणात निकाल देते, समितीला पाच महिने लागतात आणि न्यायालयाला पाच वर्षे. तोवर जनमताचा निवाडा होऊन गेलेला असतो आणि त्यावर अपील नसते. २२ जुलैचे ते दृश्य आजही निवडणुका जवळ आल्या, की हातोहात फिरते. २०१३ चा न्यायालयीन आदेश त्याच्यासोबत क्वचितच फिरतो. त्या नोटा मुळात कोणाच्या होत्या, याचे सर्वांना पटेल असे उत्तर तर अद्यापही मिळालेले नाही. ते चित्र पुन्हा छापताना तारीख, आरोप आणि न्यायालयाचा आदेश या तीन गोष्टी दोन ओळींत खाली देणे अवघड नाही. ज्यांच्या हातात त्या दिवशी नोटा होत्या त्यांच्यावर आणि ज्यांच्यावर बोट रोखले गेले त्यांच्यावरही तेवढ्यानेच अन्याय टळेल.