हळदीचे दूध आणि देहाचे शिपाई

थंडीची चाहूल लागली, घरात एखादे पोर खोकले, की गृहिणीचा हात आपोआप हळदीच्या डब्याकडे जातो. "घे, ताकद येते," म्हणत दुधाचा पेला पुढे येतो. अलीकडे या ताकदीला रोगप्रतिकारशक्ती असे भारदस्त नाव मिळाले आहे, आणि २०२० च्या महामारीत तर पेल्यामागून पेले रिते झाले. पण हळद ही शक्ती खरोखरच वाढवते काय?

१८१५ साली व्होगेल आणि पेलेतिए यांनी हळदीतले पिवळे द्रव्य वेगळे काढले. तेच हे कुरक्युमिन. शरीरात जंतू शिरला की पांढऱ्या पेशी धावून येतात, रासायनिक संदेश धाडून आणखी कुमक बोलावतात, आणि मग सूज, लाली, ताप! हा सारा लढाईचा धुरळा. काचपात्रातल्या पेशींवर कुरक्युमिन घातले, तर ही लढाई पेटवणारी एक कळच ते दाबून धरते. म्हणजे गंमत पाहा : हळद शिपायांना चेव आणते म्हणावे, तर प्रयोगशाळेत ती त्यांचा गलका आवरताना दिसते! विनाकारण सुजणाऱ्या सांध्यांसाठी शास्त्रज्ञांना तिचे कौतुक वाटते ते यामुळेच.

मात्र काचपात्र निराळे आणि पोट निराळे. हळदीत कुरक्युमिन शेकडा तीनेक भाग. त्यातले रक्तात पोचते ते नाममात्र. शुद्ध कुरक्युमिनबरोबर मिऱ्यातले पिपरीन दिल्यास हे प्रमाण वीसपट होते, असे १९९८ साली बंगळूरच्या प्रयोगात दिसले. पण नाममात्राची वीसपट ती किती असणार! २०१७ साली काही रसायनशास्त्रज्ञांनी सव्वाशेच्या आसपास चाचण्या तपासल्या, तेव्हा काटेकोर कसोटीला उतरलेले यश त्यांना सापडले नाही.

आमच्या शेजारच्या काकू रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात. पुतण्याने प्रेमाने हळदीच्या कॅप्सूल धाडल्या. काकू रोज दोन घेऊ लागल्या. हातापायांवर काळेनिळे डाग दिसू लागले तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "काकू, आणखी काय घेता?"

"काही नाही हो. हळदच तर आहे!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. अशा अर्काने त्या गोळ्यांचा परिणाम वाढू शकतो. इटलीत २०१९ साली हळदीच्या अशाच औषधांनंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण आढळले होते.

कॅप्सूलची बाटली आता काकूंच्या कपाटात पडून आहे. वरणातली चिमूट मात्र डॉक्टरांनी बंद केलेली नाही.