लहान होडीवर खाऱ्याचे गोडे : यंत्र घ्यावे की कॅन भरावेत?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा-राजिवड्यात आपल्या अनेक घरांची चूल समुद्राच्या जिवावर पेटते. घरचा माणूस होडीवर गेला की मागे राहिलेल्यांना वाऱ्याइतकीच पाण्याचीही काळजी असते. आता खाऱ्या पाण्याचे गोडे करणारी, हातात उचलून नेता येणारी यंत्रे बाजारात आली आहेत. ती घ्यावीत का, असे पालक आम्हाला विचारतात.

आधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्यावी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते बाहेर टाकायला मूत्रपिंडाला प्यालेल्या पाण्याहून जास्त पाणी लागते. म्हणून समुद्राचे पाणी प्याल्याने तहान भागत नाही, उलट शरीर सुकते.

ही यंत्रे घरातल्या आरओसारखीच पडद्यातून पाणी गाळतात. मात्र समुद्राच्या पाण्याला हवेच्या दाबाच्या पन्नास-साठ पट दाब द्यावा लागतो. किलोभर वजनाचा लहान हातपंप तासाला जेमतेम लिटरभर पाणी देतो. मोठा हातपंप साडेचार लिटर देतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवरचे लहान यंत्र चार अँपिअर खाऊन तासाला साडेपाच लिटरच्या आसपास देते.

आता हिशेब करू. पाच माणसे, चार दिवस, पिणे व रांधणे मिळून माणशी रोज चार लिटर धरले, तर ८० लिटर झाले. म्हणजे वीस लिटरचे चार कॅन. वजूला समुद्राचे पाणी चालतेच. हेच रोजचे वीस लिटर लहान पंपाने काढायचे, तर वीस तासांहून जास्त हात हलवावा लागेल. मग जाळे कोण ओढणार?

शिवाय लहान पंपाचीही किंमत लाखाच्या घरात जाते. बंदरातल्या तेलकट पाण्याने पडदा खराब होतो. यंत्र बराच काळ बंद ठेवायचे असेल, तर औषधी द्रावण भरून ठेवावे लागते.

तरीही यंत्र निरुपयोगी नाही. १९८९ साली पॅसिफिक महासागरात बिल व सिमोन बटलर या अमेरिकन दांपत्याची नौका देवमाशांच्या धडकांनी बुडाली. रबरी तराफ्यावर ६६ दिवस ते जगले, ते अशाच हातपंपाच्या पाण्यावर. आठवडेच्या आठवडे किनारा न दिसणाऱ्या प्रवासात हे यंत्र जीव वाचवते.

आमचे मत असे : दोन-चार दिवसांत परतणाऱ्या होडीने यंत्राच्या मागे लागू नये. लाइफ जॅकेट, चालू वायरलेस आणि गरजेपेक्षा दोन कॅन जास्त, हा खर्च आधी करावा. सगळे पाणी एकाच टाकीत ठेवू नये. एक फुटली तरी दुसरे उरते. लांबच्या सफरीला जाणाऱ्यांनी यंत्र जरूर घ्यावे, पण कॅनच्या जोडीला. कॅनच्या बदली नव्हे.

भगिनींनो, होडी सुटण्याआधी डब्याबरोबर कॅनही मोजा.