कॉर्नरशॉपच्या फळीवर आशाताई

आशा भोसले यांच्या नावाचं एक इंग्रजी गाणं फेब्रुवारी १९९८मध्ये ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. गाणं 'ब्रिमफुल ऑफ आशा', बँड कॉर्नरशॉप. मराठी घरांत हे गाणं ठाऊक असणारे विरळाच. आशाताईंची स्वतःचीच गाणी ऐकून संपत नाहीत, तिथे त्यांच्यावर रचलेलं परदेशी गाणं शोधायला कोण जातो! पण हिंदी सिनेमातल्या पार्श्वगायनाविषयी इतक्या प्रेमानं लिहिलेली गाणी फार नाहीत, आणि त्यातलं हे लंडन-लेस्टरकडून आलं.

कॉर्नरशॉप सुरू झाला १९९१मध्ये, लेस्टरमध्ये. तजिंदर सिंग, त्याचा भाऊ अवतार, बेन एअर्स आणि डेव्हिड चेंबर्स ही सुरुवातीची मंडळी. तजिंदर वाढला वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये. स्थलांतरितांविरुद्धच्या १९६८च्या भाषणामुळे कुप्रसिद्ध झालेले इनॉक पॉवेल याच शहरातून खासदार होते. कॉर्नरशॉप म्हणजे गल्लीच्या कोपऱ्यावरचं किराणा दुकान, आणि ते 'इंडियन' माणसाचंच, हा इंग्रजांचा ठरलेला समज. तोच या पोरांनी बँडच्या नावाची पाटी म्हणून दारावर ठोकला. पहिली रेकॉर्ड निघाली १९९३मध्ये, आणि तिच्या तबकडीचा रंग होता 'करी'सारखा. हिणवणाऱ्याच्या हातातलं हत्यार काढून घेऊन त्यालाच दाखवायची ही तऱ्हा त्यांनी पुढेही सोडली नाही.

त्याआधी १९९२मध्ये गायक मॉरिसीनं लंडनच्या एका कार्यक्रमात ब्रिटिश झेंडा मिरवला. त्याच्या एका गाण्यातला बंगाली माणसाबद्दलचा सूरही अनेकांना खटकला होता. कॉर्नरशॉपनं त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या दारात त्याचं चित्र जाळलं. वर्तमानपत्रांत नाव झालं, पण संगीत तेव्हा कच्चंच होतं. गिटारचा नुसता कल्ला, मधूनच सतार. त्या काळातल्या रेकॉर्डी आज ऐकवत नाहीत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

१९९७चा 'व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम' हा अल्बम मात्र वेगळ्याच प्रतीचा. त्यात ढोलकी आहे, हिप-हॉपचे ठेके आहेत, कवी ॲलन गिन्सबर्ग यांचा आवाज आहे, आणि शेवटी बीटल्सचं 'नॉर्वेजियन वूड' चक्क पंजाबीत आहे. जॉर्ज हॅरिसननं १९६५मध्ये त्याच गाण्यात सतार वाजवली आणि पाश्चात्त्य पॉपला भारताचं वेड लागलं. बत्तीस वर्षांनी एका पंजाबी पोरानं ते गाणं आपल्या भाषेत नेलं, तेही कसलाही गाजावाजा न करता.

'ब्रिमफुल ऑफ आशा' याच अल्बममधलं. गिटारचे दोन-तीन कॉर्ड फिरत राहतात आणि त्यांवर तजिंदर निवांत, जवळजवळ आळसावून गातो. आशाताईंबरोबर लतादीदी आणि रफी यांची नावं येतात, ऑल इंडिया रेडिओ येतो, घरातला जुना फर्ग्युसनचा मोनो प्लेअर येतो, पंचेचाळीस फेऱ्यांची छोटी तबकडी येते. परदेशात राहणाऱ्या कुटुंबाच्या दिवाणखान्यातली ही सगळी सामग्री. पडद्यावर ओठ हलवते एक, गाते दुसरीच, आणि गाणं रेकॉर्डवरून घरात येतं तेव्हा खरी राहते ती दुसरीच. हे त्या पोरांना सिनेमा न पाहताही उमगलं असणार.

नाशिककरांना सिनेमाचा विषय अंगणातलाच. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२मध्ये लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत सिनेमा कसा बनतो ते पाहिलं आणि विल्यमसन कॅमेऱ्याची खरेदी करून परतले. 'राजा हरिश्चंद्र'नंतर त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं, १९१८मध्ये इथेच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. त्या चित्रपटांना आवाज नव्हता. पेटी-तबल्याची साथ व्हायची ती थेटरात, पडद्यासमोर बसलेल्या वादकांची. १९३१मध्ये बोलपट आला, पुढच्या काही वर्षांत गाणं आधी ध्वनिमुद्रित करून पडद्यावर ओठ हलवायची रीत रुळली. फाळक्यांचा एकमेव बोलपट 'गंगावतरण' १९३७चा.

गाणाऱ्याचं नाव पुढे यायला मात्र वेळ लागला. 'महल' (१९४९) मधलं लतादीदींचं गाजलेलं गाणं आलं तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी', म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव! गाणाऱ्यांसाठी फिल्मफेअरचा वेगळा पुरस्कार सुरू झाला तो थेट १९५९मध्ये. गायिकेला नायिकेच्या आड ठेवण्याचा हा इतिहास माहीत असला, की कॉर्नरशॉपनं गाण्याच्या नावातच गायिकेला बसवलं याची गंमत नीट कळते.

आता रीमिक्सची गोष्ट. मूळ गाणं १९९७मध्ये साठाव्या नंबरापर्यंतच पोचलं, जरी बीबीसीवरच्या जॉन पील यांच्या श्रोत्यांनी वर्षअखेरच्या कौलात त्यालाच पहिलं ठरवलं होतं. मग नॉर्मन कुक, म्हणजे फॅटबॉय स्लिम, याला ते आवडलं. त्यानं गती वाढवली, आवाज चढवला, खाली दणदणीत ठेका घातला, आणि गाणं नाचाच्या हॉलमधून थेट पहिल्या नंबरावर गेलं. आजही लग्नाच्या पार्ट्यांत वाजतं ते हेच. मला मूळच आवडतं. रीमिक्समध्ये तो दिवाणखाना उरत नाही, उरतो फक्त ठेका. पण रीमिक्स झालं नसतं तर हे गाणं आपल्या कानावर आलं असतं की नाही, कोण जाणे.

यशाचा हा घोडा कॉर्नरशॉपनं पुढे दामटला नाही. एवढा नंबर त्यांना परत लागला नाही, आणि त्यांनी लावायचा आटापिटाही केला नाही. २००२चा 'हँडक्रीम फॉर अ जनरेशन' बरा, २००९चा त्याहून चांगला. २०११मध्ये त्यांनी बब्ली कौर या गायिकेला घेऊन जवळजवळ सगळा अल्बम पंजाबीत केला, आणि २०२०चा 'इंग्लंड इज अ गार्डन' समीक्षकांनी डोक्यावर घेतला.

आशाताईंचीही पाश्चात्त्य बँडांशी गाठ पुढे पडत राहिली. २००२मध्ये आर.ई.एम.च्या मायकेल स्टाइपबरोबर एक गाणं झालं, २००५मध्ये क्रोनोस क्वार्टेटबरोबर राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांचा पूर्ण अल्बम. आणि नाशिकच्या माणसाच्या नावानं दिला जाणारा फाळके पुरस्कार त्यांना सन २०००साठी मिळाला, म्हणजे ब्रिटनच्या त्या यादीनंतर काहीच वर्षांनी.