लोड अडतीस, आणि सीपीयू मोकळा

सकाळी दहाच्या सुमारास फोन येतो : "मेल उघडत नाहीयेत, सर्व्हरचा लोड अडतीसवर गेलाय. आठ कोर पुरत नाहीत, सोळा कोरचं मशीन घेऊया." हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि दर वेळी तेवढाच चिडतो. कारण या एका गैरसमजापायी लहान कार्यालयांचे पैसे नाहक जातात, आणि सोळा कोर आले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मेल अडकायचे ते अडकतातच.

लिनक्समधला लोड अ‍ॅव्हरेज म्हणजे सीपीयूचा वापर नव्हे. तो रांगेचा आकडा आहे. सीपीयूवर चालू असलेल्या आणि त्याची वाट बघणाऱ्या प्रोसेस त्यात येतात. पण डिस्ककडून उत्तर येईपर्यंत खोळंबलेल्या, 'टॉप' या कमांडमध्ये ज्यांच्यापुढे 'डी' दिसतो त्या प्रोसेसही येतात. लिनक्समध्ये ही मोजणी १९९३ पासून अशीच आहे. पटत नसेल त्यांनी ब्रेंडन ग्रेग यांचा २०१७ चा लेख शोधून वाचावा. मूळ पॅच कुठून आला, ते त्यांनी जुने मेल धुंडाळून दाखवलं आहे.

आता त्या अडतीसकडे या. मी 'टॉप' उघडला तेव्हा 'यूएस'पुढे (प्रोग्रामांनी वापरलेला सीपीयू) ६ टक्के होते आणि 'डब्ल्यूए'पुढे (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) ७१. म्हणजे सीपीयू जवळजवळ रिकामा बसून डिस्कची वाट बघत होता. तिथे मेल मेलडिर पद्धतीने साठवलेले होते, प्रत्येक मेलची वेगळी फाइल. हिशेब विभागाच्या सामायिक खात्यात असे चाळीस हजार मेल, आणि आदल्या संध्याकाळी त्या विभागात तीन नवे संगणक बसवलेले. थंडरबर्ड हा मेल वाचायचा प्रोग्राम नव्याने लावला की तो मुळातच सगळे फोल्डर संगणकावर उतरवून घ्यायला लागतो. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला विखुरलेल्या शंभरेक जागा वाचते. चाळीस हजार फाइलींना किमान चारशे सेकंद, तेही दुसरं कोणी काही मागत नसेल तर! इथे तर साठ माणसं एकाच वेळी इनबॉक्स उघडत होती. यात कोर वाढवून काय होणार? रांगेतली माणसं वाढतील, खिडकी एकच राहील. एसएसडी घातली असती तर फरक पडला असता. रॅमनेही थोडा पडतो, कारण वाचलेल्या फाइली कॅशमध्ये राहतात.

तिथला मेल सर्व्हर डव्हकॉट. आणखी एक गोष्ट त्याच्या 'डवअ‍ॅडम हू' या कमांडने दाखवली. त्या एकाच खात्याची पन्नासच्या वर कनेक्शन होती. एक थंडरबर्ड एका खात्यासाठी पाचपर्यंत कनेक्शन धरून ठेवतो, आणि त्या विभागात संगणक अकरा. डव्हकॉटमध्ये एका युजरला एका आयपीवरून दहाच कनेक्शनची मर्यादा मुळात असते. पण पूर्वी कधीतरी एरर येऊ लागली म्हणून कुणीतरी ती शंभर करून टाकली होती. इशारा देणारी घंटाच काढून ठेवली म्हणायची. आम्ही प्रत्येक थंडरबर्डची कनेक्शन दोनवर आणली, जुन्या वर्षांचे फोल्डर वेगळ्या आर्काइव्ह खात्यात हलवले आणि नव्या संगणकांचं उतरवणं रात्री उरकलं. दुसऱ्या दिवशी दहा वाजता लोड तीनच्या आत होता. मशीन तेच, आठ कोरचं.

असेच आणखीही गैरसमज कानावर येतात. "दोष सर्व्हरचाच, फोन काय करणार?" हा एक. फेब्रुवारी २०१३ आठवा. आयओएस ६.१ मधल्या कॅलेंडर सिंकच्या चुकीने आयफोन एक्स्चेंज सर्व्हरला पुन्हा पुन्हा तेच मागत राहिले आणि तिथले ट्रान्झॅक्शन लॉग भराभर फुगले. अ‍ॅपलने त्याच महिन्यात ६.१.२ काढून ते दुरुस्त केलं.

"रिस्टार्ट करा, लोड उतरेल." उतरतो, दोन मिनिटं. मग सगळे क्लायंट एकदम जोडायला धावतात.

"पुशने सर्व्हर दमतो, दर मिनिटाला तपासणं बरं." उलट आहे. १९९७ सालच्या आरएफसी २१७७ मधलं 'आयडल' याचसाठी आलं : कनेक्शन थोडी मेमरी धरून गप्प बसतं, मेल आला की सर्व्हरच सांगतो. मात्र एक कनेक्शन एकाच फोल्डरवर लक्ष ठेवतं, म्हणून फोल्डर मोजकेच निवडा.

"पॉप हलका." मेल उतरवून सर्व्हरवरून पुसणार असाल तरच. 'सर्व्हरवर प्रत ठेवा'वर खूण असेल तर दर तपासणीला पूर्ण यादी मागितली जाते.

"एकाच आयपीवरून शेकडो कनेक्शन, हल्ला झालाय!" कार्यालयातले सगळे संगणक आणि वायफायवरचे फोन बाहेरून एकाच पत्त्याने दिसतात. 'डवअ‍ॅडम हू' प्रत्येक ओळीत युजरचं नाव दाखवतो. तो पत्ता आपल्याच राउटरचा नाही ना, एवढं ब्लॉक करण्याआधी बघा. नाहीतर साठही माणसांचा मेल तुम्हीच बंद केलेला असेल.